तेरला जायचंय? आधी थापटून बघा!

पुणे सोडलं की सोलापूर रस्त्याने टेंभुर्णी, मग कुर्डूवाडी, बार्शी, येडशी, ढोकी आणि तेर. बाइकवाल्यांसाठी एकदम झकास वीकेंड! मागच्या जुलैत दोन बाइकवर निघालो, तेव्हा मीही याच थाटात होते.

येडशीच्या पुढे मोबाइलने ‘चार मिनिटं लवकर’ अशी लालूच दाखवली आणि आम्ही डांबरी सोडून आत वळलो. थोड्याच वेळात रस्त्याची पाणंद झाली. आदल्या रात्री पाऊस पडलेला. मराठवाड्यातली काळी माती चाक आणि मडगार्डच्या मध्ये अशी गच्च बसली की चाकच फिरेना. नेटवर्क गुल, बॅटरी ३ टक्के, वर अंधार पडायला आलेला. शेवटी ट्रॅक्टरवाले एक काका देवासारखे आले. ‘‘पोरी, पावसाळ्यात या वाटंनं आमी बैलं बी घालत न्हाई,’’ एवढंच म्हणाले आणि दोर बांधला.

परतल्यावर ठरवलं, आता जीपीएस घ्यायचाच! पण कुठला?

मोटरसायकलसाठी बनवलेले खास युनिट भारी असतात. पाऊस, धक्के, ग्लोव्ह्जचा टच, सगळं चालतं. किंमत मात्र चांगल्या नव्या मोबाइलएवढी. बाहेरून मागवलेल्या युनिटमध्ये भारताचा नकाशा असेलच असं नाही, तो आधी विचारा. आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, घ्यायचा तो फक्त रिसीव्हर. सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं यंत्र दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय बाळगणं आपल्याकडे बेकायदेशीर आहे. परदेशातून येणाऱ्या मित्राकडून ‘गिफ्ट’ म्हणून मागवू नका, एअरपोर्टवरच अडकेल तो.

यापेक्षा स्वस्त म्हणजे ईट्रेक्ससारखा हातात मावणारा जीपीएस. साध्या पेन्सिल सेलवर चालतो, भर उन्हातही स्क्रीन दिसते. पण ‘पुढे डावीकडे वळा’ हे त्याच्याकडून ऐकायला मिळेल अशी अपेक्षा नको. ट्रेकर्सना ठीक, आपल्याला नाही.

मग माझी नजर ड्रॉवरमधल्या जुन्या अँड्रॉइड फोनवर गेली. बऱ्याच जणांना वाटतं, नेटवर्क नाही म्हणजे जीपीएस नाही. तसं नसतं. जीपीएसचा सिग्नल थेट उपग्रहांकडून येतो, चार उपग्रह दिसले की काम झालं. नेट लागतं ते नकाशा उतरवायला. ‘ऑर्गॅनिक मॅप्स’ किंवा ‘ऑसमअँड’मध्ये अख्खा महाराष्ट्र आधीच उतरवून ठेवता येतो. सिम नसलेला फोन पहिल्यांदा जागा शोधायला वेळ लावतो, म्हणून चहा घेताना तो मोकळ्या आभाळाखाली ठेवायचा.

तेर हे गोरोबाकाकांचं गाव. थापटण्याने संतांच्या डोक्यावर टकटक करून कोण पक्कं, कोण कच्चं मडकं हे त्यांनी सांगितलं, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. (नामदेव कच्चे निघाले होते, तेव्हा आपल्या फोनने फार मनाला लावून घेऊ नये.) मीही थापटायला घेतलं. नकाशात ‘धाराशिव’ टाइप केलं. २०२३ मध्ये बदललेलं हे नाव सापडलं नाही, तर नकाशा जुना समजा. मग फोन दुपारी उन्हात ठेवला. तापून बंद पडला, तर कच्चा. तिसरी टकटक माऊंटवर. मोठ्या इंजिनांच्या थरथरीने आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असं ॲपलने २०२१ मध्ये स्वतःच सांगितलं होतं. रोजचा महागडा फोन हँडलवर नकोच! जुन्यालाही थरथर शोषणारा माऊंट घेतला. पैसे खर्च करायचे ते इथे आणि बाइकच्या बॅटरीवर चालणाऱ्या वॉटरप्रूफ चार्जरवर.

खरं तर तेर सापडायला भल्याभल्यांना वेळ लागलाय. इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं ‘पेरिप्लस’ हे ग्रीक प्रवासी मार्गदर्शक सांगतं, पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर ‘तगर’. तिथला माल गाड्यांनी भडोचला जायचा. एवढ्या पत्त्यावर कुणी तगर देवगिरीला नेलं, कुणी जुन्नरला. १९०१ मध्ये फ्लीट या अभ्यासकाने तेरवर बोट ठेवलं. गंमत म्हणजे तेर पैठणच्या पूर्वेला नाही, आग्नेयेला आहे. सरळ रेषेत साधारण दीडशे किलोमीटर, म्हणजे बैलगाडीचे दहा दिवस बरोबर बसतात. अंतर जुळलं, दिशा थोडी चुकली. आमच्या ॲपच्या मानाने फारच बरं!

नोव्हेंबरमध्ये पुन्हा निघालो. या वेळी ॲपमध्ये ‘कच्चे रस्ते टाळा’ची खूण केली आणि ‘तेर’ असं नाव न शोधता नकाशावर पिन टोचली. शिवाय टँकवर चिठ्ठी चिकटवली : बार्शी, येडशी, ढोकी, तेर. येडशीच्या पुढे तीच पाणंद दिसली, फोन गप्प राहिला.

तेरणेच्या काठचं हे गाव घाईत बघू नका. विटांचं, मागून गोल असलेलं, हत्तीच्या पाठीसारख्या छपराचं त्रिविक्रम मंदिर बघा. मग गोरोबाकाकांचं मंदिर. आणि लामतुरे संग्रहालयात ती हस्तिदंती बाई शोधा. इटलीतल्या पाँपेईत, इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या शहरात, तिच्यासारखीच एक सापडली आहे.

ट्रॅक्टरवाल्या काकांसाठी पेढे नेले होते. त्यांचं शेत मात्र पिन करायचं राहून गेलं होतं, दोन वस्त्यांवर विचारत विचारत गेलो.