तीनशे फुटांची टेकडी

नोकरीनिमित्त आम्ही अमेरिकेतील डेन्व्हरहून मिनेसोटा राज्यात बिऱ्हाड हलविले, त्यास आता दोन हिवाळे झाले. रॉकी पर्वतातील व्हेलच्या उतारावर ३,००० फूट स्कीवरून घसरत येणाऱ्या आमच्या कन्येने येथील सपाट क्षितिज पाहिले आणि आपल्या स्की तळघरातील खुंटीला अडकविल्या. बदली आम्ही स्वीकारली होती. मोल ती देत होती.

पुढे बक हिलचा शोध लागला. हमरस्त्यालगतची जेमतेम ३०० फुटांची टेकडी! आम्हांस हसू आले, कन्येस रडू. परंतु २०१० साली ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकणारी लिंडसे व्हॉन येथेच, एरिख सेलर या ऑस्ट्रियन प्रशिक्षकांच्या हाताखाली घडली. मर्म आहे ते फिरत्या दोरात. उतार संपताच दोर धरावा, लगोलग माथा गाठावा, पुन्हा वळणे घ्यावीत. मोठ्या डोंगरावर पाळण्यात बसून जाणारा वेळ येथे सरावाच्या कामी येतो, आणि दिव्यांच्या उजेडात तो रात्रीही चालतो.

उंचीची भूक मात्र भागत नाही, हे कबूल केलेच पाहिजे. त्यातल्या त्यात मोठा उतार सुपीरियर सरोवराकाठी लुट्सन येथे. मोटारीने चार तास. आम्ही उभयतांनी तर मिनीॲपोलिसच्या थिओडोर वर्थ उद्यानात सपाटीवरची स्की धरली आहे. तीत उतारापेक्षा दमच अधिक लागतो!

परवा तळघरात गेलो, तर खुंटी रिकामी होती.