पातेल्यातला थर, गुहेतला थर

आज बोअरचं पाणी तापवायचं पातेलं घासायला घेतलं. तळाचा पांढरा थर काही निघेना. चिंच लावून ठेवली, आणि मन थेट इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर गेलं. तिथल्या मारोस-पांगकेप भागातल्या चुनखडीच्या गुहांत, हाताभोवती रंग फुंकून उमटवलेल्या पंजांवर याच जातीचा थर बसलाय, बारीक गाठींचा, लाह्यांसारखा.

झिरपणाऱ्या पाण्याबरोबर युरेनियम येतं. थोरियम मात्र जवळजवळ येतच नाही, ते पाण्यात फारसं विरघळत नाही. थर बसला की आतल्या युरेनियमचं हळूहळू थोरियम होत जातं. दोघांचं प्रमाण मोजलं की थराचं वय कळतं. खालचं चित्र त्याहून जुनं. लिआंग टिंपुसेंग गुहेतला पंजा किमान ३९,९०० वर्षांपूर्वीचा, असं २०१४ मध्ये जाहीर झालं.

‘किमान’ हा शब्द मला फार आवडतो. जेवढं हाती लागलं तेवढंच सांगायचं, हा खरा प्रामाणिकपणा. कुणीतरी भिंतीला तळवा टेकवला, उचलला आणि निघून गेलं. बोटांमधल्या फटी अजून दिसतात.

अशा गुहेत कधी गेलात तर चित्रावरच्या पांढऱ्या पापुद्र्याला नख लावू नका. चित्राचं किमान वय त्यातूनच कळतं.