सव्वा लाखाचा हत्ती आणि बंद घड्याळ

‘हत्ती मेला तरी सव्वा लाखाचा’ ही म्हण बंद पडलेल्या जुन्या अमेरिकी घड्याळाला सहज लावली जाते. तिच्यातील हिशेब मात्र क्वचितच तपासला जातो. जिवंत हत्ती लाखाचा असेल, तर मेल्यावर पाव लाख वाढतो कोठून? मेलेल्या हत्तीला चारा लागत नाही आणि त्याचे सुळे सुटे करून विकता येत असत, असे याचे एक उत्तर देता येईल. म्हणजे म्हणीतील किंमत अखंड प्राण्याची नसून अवयवांच्या बेरजेची आहे. घड्याळाचा घात नेमकी हीच बेरीज करते. लाकडी पेटी, तबकडी आणि यंत्र, म्हणजे दातेरी चाके व कमान धरून ठेवणारा पितळी सांगाडा, ही तिन्ही मुळापासून एकत्र असतील तरच जाणकार त्या घड्याळाला पूर्ण मोल देतात. एकाच्या पेटीत दुसऱ्याचे यंत्र बसवलेले घड्याळ बिनचूक चालले तरी कमी किमतीचे ठरते. चाऱ्याची गोष्ट मात्र येथेही खरी आहे, कारण वेळेवर तेल न मिळालेले चालते घड्याळ स्वतःलाच झिजवत राहते, आणि बंद घड्याळ ओल व वाळवीपासून जपले तर आहे तसे राहते.

ओळख पटवणे त्यामानाने सोपे आहे. कनेक्टिकटमधील सेथ थॉमसच्या कारखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अनेक पेट्यांवर वर्षाचे आकडे उलट्या क्रमाने छापले. ८९८१ पुढे ‘ए’ असेल तर तो जानेवारी १८९८. त्याहून जुन्या घड्याळात आतल्या कागदावरचे गाव पाहावे लागते. प्लिमथ हॉलो हे नाव साधारणपणे १८६० च्या दशकाच्या मध्यापूर्वीचे, थॉमस्टन त्यानंतरचे, कारण १८५९ मध्ये वारलेल्या या कारखानदाराचे नाव पुढे गावालाच मिळाले.

गावाचे नाव हीच तारीख ठरते, हे छत्रपती संभाजीनगरला वेगळे सांगावे लागत नाही. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेली खडकी पुढे फतेहनगर झाली, मग औरंगाबाद आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. येथील एखाद्या घड्याळात दुरुस्ती करणाऱ्याने ‘औरंगाबाद’ लिहिलेली चिठ्ठी चिकटवली असेल, तर संग्राहकाच्या नियमाने ती मागाहूनची भर होय. परंतु थॉमस्टनहून निघालेली वस्तू मराठवाड्यातील एका भिंतीवर नांदली, याची दुसरी साक्ष बहुधा नसते. चिठ्ठी साक्ष मानली, तर त्याच कारागिराने बदललेली कमानही साक्षच मानावी लागेल, आणि मग अस्सलपणाची वर सांगितलेली कसोटी तितकी भक्कम उरत नाही. म्हणीतला पाव लाख कदाचित सुळ्यांचा नसून हत्ती ज्या दारी झुलला त्या दाराचा असेल. पण तो कोणत्या दराने मोजावा, हे सांगता येत नाही. घड्याळ दुरुस्तीला देताना आतील कागद, मग तो कारखान्याचा असो वा गल्लीतल्या कारागिराचा, खरवडू देऊ नये, एवढी विनंती मात्र आहे.