काचेची पिचकारी

दिवाळीच्या झाडलोटीत माळ्यावरच्या ट्रंकेतून काचेची एक पिचकारी निघाली. "अहो, ही टाकायची ना?" असे हिने विचारले आणि मी ती जवळजवळ हिसकावूनच घेतली. हिला काय सांगणार? या पिचकारीने मला एकदा भर वर्गात खोटे पाडले होते.

तेव्हा मी रसायनशास्त्र शिकवीत असे. तांब्याच्या तुकड्यांवर तीव्र नायट्रिक आम्ल ओतायचे, निघणारा तपकिरी वायू पिचकारीत घ्यायचा आणि तोंडाला रबरी बूच लावायचे. (वायू विषारी, खिडक्या सताड उघड्या!) हा नायट्रोजन डायऑक्साइड. त्याचे दोन रेणू जुळले की एक बिनरंगी रेणू होतो; जुळलेले पुन्हा सुटतातही. दोन्ही गोष्टी सारख्याच वेगाने चालल्या की समतोल. दाब वाढला की जोड्या वाढतात. दिवाळीला पाहुणे दाटले की दोन भावंडे एका पांघरुणात शिरतात, तसेच. तेवढ्यावरून मी फळ्यावर ठोकून दिले : दाबले की रंग फिका.

दट्ट्या दाबला. "सर, रंग गडद झाला," मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला. "डोळे तपासून घे," मी म्हणालो. वर्ग हसला.

रात्री झोप लागेना. सकाळी एकट्याने पुन्हा दाबून पाहिले. रंग खरोखरच गडद झाला! तेवढाच वायू निम्म्या जागेत कोंबलेला. दुसरे काय होणार? मग क्षणात जोड्या जमून तो किंचित उतरला. पण बाजूने पाहता पहिल्याइतका फिका काही होईना. पिचकारीच्या लांबीतून पाहिले, तेव्हा मात्र पूर्वीपेक्षा फिका दिसला. नियम खरा होता, मुलगाही खरा होता.

मनाच्या समाधानासाठी मी ल शाटल्येला आठवतो. १८८४ साली हा नियम मांडणारा तोच. नायट्रोजन आणि हायड्रोजन यांच्या चार रेणूंपासून अमोनियाचे दोन होतात, तेव्हा दाबाने काम साधेल, हे त्याने ओळखले. १९०१ मध्ये प्रयोग केला. उपकरणात हवा शिरून स्फोट झाला आणि त्याने नाद सोडला. पुढे १९०९ मध्ये हाबरने ते साधले, १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊला कारखाना निघाला. पण ल शाटल्येला हवेने फसवले. मला कोणी फसवले नव्हते.

त्या दिवशी वर्गात मी "काल थोडे राहून गेले" एवढेच म्हणालो. "तुझे बरोबर होते" हे मात्र तोंडातून निघाले नाही. तो मुलगा वर्षभर पुन्हा काही बोलला नाही.

पिचकारी पुसून कपाटात ठेवली आहे.