उष्टे, खरकटे आणि पारोसे



मुख्याध्यापिकेच्या पानावर दर वेळी निकाल, स्पर्धा, बक्षिसे आणि देणगीदारांचे आभार असा ठरलेला मजकूर असतो. या अंकासाठी संपादक मंडळातल्या मुलींनी फर्मान काढले, "मॅडम, या वेळी काहीतरी घरचे लिहा." घरचे म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे आधी स्वयंपाकघरातली मोरी येते. मोरीवर कोणी लेख लिहिते का, असे तुम्ही म्हणाल. पण मी तिथूनच सुरुवात करणार आहे. शाळेपर्यंत येईनच.

माझे सारे शिक्षण हिंदी माध्यमातले. बी.ए. हिंदीत, बी.एड.सुद्धा हिंदीतच. मराठी शिकले ती घरात, आधी आईच्या आणि मग सासूबाईंच्या तोंडून. त्यामुळे माझ्याजवळ साहित्यातले शब्द थोडे आणि स्वयंपाकघरातले पुष्कळ! आणि या स्वयंपाकघरातल्या मराठीची मला फार गंमत वाटते. हिंदीत एक 'जूठा' म्हटले की काम भागते. तोंड लावलेला पेला जूठा, जेवलेले ताट जूठे, शीत लागलेला हातही जूठाच. मराठीत मात्र तोंड लागले ते उष्टे आणि शिजवलेल्या अन्नाचा अंश लागला ते खरकटे. भाताच्या पातेल्याला कोणी तोंड लावत नाही, म्हणून ते उष्टे नाही, पण खरकटे आहे. शिवाय आपला तो 'पारोसा'! अंघोळ न केलेला माणूस पारोसा आणि केर न काढलेले घरही पारोसे. कॉलेजात हिंदीभाषक मैत्रिणींना हा एक शब्द समजावायला मला दोन वाक्ये लागायची.

आमच्या सासूबाई या शब्दांवर घर चालवत. माठात पेला बुडवायचा नाही, ओगराळ्याने पाणी घ्यायचे. बाटलीला तोंड लावायचे नाही. खरकट्या हाताने लोणच्याच्या बरणीला शिवायचे नाही. लग्न होऊन इंदूरच्या या घरात आले तेव्हा मला हे सगळे जाचक वाटायचे. पण ओला किंवा खरकटा हात बरणीत गेला की लोणच्याला बुरशी येते आणि वर्षाची बेगमी वाया जाते, हे काही खोटे नाही. त्या बरणीत पुढे कोणाचा तरी हात जाणार आहे, त्याचा विचार आधी करायचा, एवढाच त्या नियमाचा अर्थ होता. तो समजायला मला काही वर्षे लागली, आणि समजला तेव्हा सासूबाईंच्या सगळ्या खोडी माझ्या अंगात शिरलेल्या होत्या.

आता माझ्या पर्समध्ये एक सुती फडके असते. बसण्याआधी मी टेबल पुसते, मग ते कोणाचेही असो. कोणाकडे चहाला गेले तर कप विसळून ठेवल्याशिवाय माझा पाय निघत नाही. आमचे हे म्हणतात, "लोकांच्या घरी गृहमंत्री असते, आमच्याकडे आरोग्यमंत्री आहे." पण ते स्वतः २०२० सालच्या कोरोनापासून दुधाची पिशवी साबणाने धुऊन घेतात, ती सवय अजून सुटलेली नाही. त्यावर मी काही बोलत नाही. मुलगा मात्र फ्रीजसमोर उभा राहून सरळ बाटली तोंडाला लावतो. "आई, मी एकटाच तर पितो," हे त्याचे उत्तर. त्याच बाटलीतले पाणी मग पाहुण्यांना जाते!

घरात निदान बोलता येते. कचेरीत पंचाईत होते. कोणी अंगठा जिभेला लावून उत्तरपत्रिकांची पाने उलटते, कोणी तसाच अंगठा लावून फीच्या नोटा मोजते. शिंक हातावर घेऊन त्याच हाताने हजेरीपट पुढे केला जातो. बेसिनजवळ एकच नॅपकिन सोमवारपासून शनिवारपर्यंत सगळ्यांचे हात पुसत लटकलेला असतो. दुसऱ्याचे पेन मागून घ्यायचे, विचार करता करता त्याचे टोपण चावायचे आणि मग "थँक्यू मॅडम" म्हणून परत करायचे, ही तर खास कलाच. अंगठ्यावरचा उपाय स्वस्त निघाला. बँकेत रोखपालाजवळ ओल्या स्पंजची डबी असते ना, तशा डब्या आणून मी टेबलांवर ठेवल्या. नॅपकिन काढून टाकला. आता ज्याचा रुमाल त्याच्याजवळ.

पण एका गोष्टीवर डबीने उपाय होत नाही. चहा झाला की कप जिथे प्यायला तिथेच राहतो, तळाशी चहाचा तपकिरी गोल वाळतो, कधी त्यात बिस्किटाचा चुराही असतो. विचारले तर उत्तर मिळते, "मावशी धुतील." आतापर्यंत सांगितलेल्या सगळ्या खोड्या मी हसून सोडून देऊ शकते. हे दोन शब्द मला सोडून देता येत नाहीत. ज्याच्या मनात 'मावशी धुतील' पक्के बसले, तो कपावर थांबत नाही. तो बाकाखाली वेफर्सचे पाकीट टाकतो, बेसिनमध्ये केस सोडतो आणि स्वच्छतागृहातून पाणी न ओतता बाहेर येतो.

आता मी शाळेपर्यंत आले. मातांनो, एक काम करा. मुलगी शाळेतून घरी आली की तिची पाण्याची बाटली उचलून पाहा. सकाळी भरलेली बाटली दुपारी जवळजवळ तशीच परत येत असेल, तर तिला तहान लागत नाही असे समजू नका. स्वच्छतागृहात जावे लागू नये म्हणून ती पाणीच पीत नाही. हे फक्त आपल्याच शाळेत होते असे नाही, पण आपल्या शाळेत होते म्हणून मी लिहिते आहे. काही मुलींनी मला हे खाली मान घालून सांगितले. दिवसभर पाणी न पिणे आणि लघवी रोखून धरणे यामुळे डोके दुखते, लघवीला जळजळ होते, जंतुसंसर्ग होतो. महिन्यातल्या त्या चार दिवसांत तर काही मुली शाळेतच येत नाहीत. त्या दिवशी वर्गात जे शिकवले, ते त्यांचे बुडाले. एका मोडक्या कडीमुळे आणि एका न ओतलेल्या बादलीमुळे शिक्षण बुडते, ही गोष्ट मला निकालाच्या टक्क्यांहून मोठी वाटते.

आपले इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिल्या रांगेत आहे. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा हे आपल्याच मुलांनी घरोघरी आजी-आजोबांना शिकवले. याचा मला अभिमान आहे. पण २०२५ सरता सरता याच शहरात, भागीरथपुऱ्यात, पिण्याच्या पाण्यात घाण पाणी मिसळले आणि माणसे दगावली. रस्ते चकचकीत होते, पण नळ जमिनीखाली होता. जे पाहुण्यांना दिसते ते आपण आधी साफ करतो. ज्यावर जीव अवलंबून असतो ते पुष्कळदा मागे, खाली, दाराआड असते.

आपल्या जुन्या सोवळ्या-ओवळ्यातही हीच गोम होती. लोणच्याची बरणी जपणारी घरे स्वच्छ होती, यात शंका नाही. पण त्या घरांचे संडास साफ करायला येणारी बाई मागच्या गल्लीने यायची आणि मागच्या गल्लीनेच जायची. तिच्यामुळे घर स्वच्छ, आणि तिलाच शिवायचे नाही! हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली आणखी कडक कायदा आला. तो विचार करणारी माणसे मराठीत त्याच्या कितीतरी आधी होऊन गेली. गाडगेबाबा दिवसा गावाचे रस्ते झाडत आणि रात्री कीर्तन करत. कोकणातले अप्पासाहेब पटवर्धन १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी सफाईचे काम मागितले, आणि ते तुम्हाला देता येत नाही असे उत्तर आले, कारण ते काम ठरावीक जातीच्या कैद्यांनीच करायचे होते. त्यांनी त्यासाठी अन्न सोडले आणि येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास केला. मागूनही जे काम मिळत नव्हते, ते आज आपण सहज 'मावशी धुतील' म्हणून ढकलतो.

एका पालकांनी मला विचारले होते, "मॅडम, आमचा मुलगा काय शाळेत झाडू मारायला येतो?" त्यांना आणि सर्वांनाच स्पष्ट सांगते. मुलांकडून स्वच्छतागृहे धुऊन घेतली जाणार नाहीत. ते पगारी काम आहे आणि ते करणाऱ्या मावशींना हातमोजे, बूट, लांब दांड्याचे ब्रश आणि बसून जेवायला नीट जागा मिळालीच पाहिजे. पण आपल्या बाकाखालचा कचरा आपण उचलणे, आपला डबा आपण विसळणे आणि स्वच्छतागृहातून बाहेर येताना पाणी ओतणे हे ज्याचे त्याने करायचे आहे. मुलगा असो की मुलगी, अध्यापक असो की मुख्याध्यापिका. लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीला हळदकुंकू वाहतो. बाकीचे ३६४ दिवस तिला हात लावायला लाज का वाटावी?

शाळेत आता स्टाफरूममध्ये प्रत्येकाचा कप ज्याने त्याने धुवायचा, असे ठरले आहे. स्वच्छतागृहात साबण आणि पाणी आहे की नाही हे दिवसातून तीन वेळा पाहण्याची पाळी लावली आहे. त्या यादीत मंगळवार आणि शुक्रवारी माझे नाव आहे. मुलींना मधल्या सुट्टीची वाट न पाहता, तासाला उठून जाण्याची परवानगी आहे. कोणत्याही अध्यापकांनी त्यांना कारण विचारायचे नाही.

राहिले ते विश्वस्त मंडळाकडे मागणे. प्रवेशद्वाराची कमान रंगवायची आहे, हे मला माहीत आहे. वर्धापनदिनाला पाहुणे येतात, कमान छान दिसायला हवी, हे मलाही पटते. पण कमान पुढच्या वर्षी रंगवली तरी कोणाचे काही बुडणार नाही. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या कड्या, तीन नळ आणि झाकणाच्या कचरापेट्या याच वर्षी हव्यात. मंडळाच्या येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर मी हा विषय पहिल्या क्रमांकावर लिहून दिला आहे. ज्या पालकांना येऊन दोन शब्द बोलायचे असतील, त्यांनी अवश्य यावे. चहा मिळेल. कप मात्र विसळून ठेवायचा.

आपली,
मुख्याध्यापिका