पद्मतीर्थाच्या पायऱ्यांवर

गतवर्षीं सुट्टींत नातवंडांसह वाशीमास गेलों होतों. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. पद्मतीर्थाचें निवांत पाणी पाहतांच धाकट्यानें पोहण्याचा हट्ट धरला. मीं त्याच्या हातीं काठी देऊन पाण्याखालील पायऱ्या मोजावयास सांगितलें. थोड्याच वेळांत काठी तळास टेकेना. समुद्राची लाट भय दाखविते. तीर्थाचें शांत पाणी कांहींच सांगत नाहीं. पावसाळ्यानंतर पायऱ्या बुडतात, त्यांवर शेवाळ धरतें. काठावर राखणदारही नव्हता. मुलगा हिरमुसला, पण समजला.

वाचकहो, मुलांस अशा पाण्यांत एकटें सोडूं नये. कोणी बुडूं लागल्यास न पोहणाऱ्यानें उडी घालूं नये. काठावरूनच दोर अगर उपरणें फेकावें. तीर्थयात्रेचें पुण्य सर्वांसह सुखरूप घरीं परतण्यांतच आहे.