दोन हजाराचं

बँकेत चुका होत नाहीत, डिफरन्स येतो. संध्याकाळी रोकड जुळली नाही तर आमचे हेडकॅशियर "कोणाची चूक झाली?" असे कधीच विचारत नसत. "कोणाला डिफरन्स आहे?" असे विचारत. जणू कोणाला सर्दी आहे, कोणाला ताप आहे, तसा कोणाला डिफरन्स आहे. आणि तो सापडेपर्यंत त्या रकमेला राहायला एक जागाही असते, तिला उचंत खाते म्हणतात. वीस वर्षे असल्या धर्मशाळेच्या काउंटरवर बसल्यामुळे (बी. कॉम., दुसरा वर्ग) जगातली कोणतीही चूक उलट नोंद टाकून दुरुस्त होते असा माझा पक्का समज होता. २०२५ च्या डिसेंबरात देवळीच्या एका पेट्रोल पंपावर तो मोडला.

त्याचे असे झाले. माझ्या साळ्याकडे एक छोटा हत्ती आहे. हा प्राणी २००५ साली पहिल्यांदा रस्त्यावर आला. कंपनीने त्याचे नाव टाटा एस ठेवले होते, पण ते आरसी बुकातच राहिले. आमच्याकडे कापूस, तूर, म्हशी, मंडपाचे बांबू, नवरीकडची मंडळी आणि नवरीचा फ्रीज हे सारे यातूनच जाते. साळ्याचा हत्ती सेकंडहँड, दोन सिलिंडरचा, डिझेलवर चालणारा, आणि कर्जाने घेतलेला. त्या कर्जाला जामीनदार मी. त्यामुळे चार चाकांपैकी निदान एक तरी आपले आहे अशी माझी भावना आहे, आणि भिडीकडून साळ्याचा फोन आला की मी आधी गाडीची तब्येत विचारतो, मग त्याची.

त्या दिवशी हत्तीत माझ्या सासऱ्यांचा सात क्विंटल कापूस होता. त्या हंगामापासून सीसीआयला हमीभावाने कापूस द्यायचा तर 'कपास किसान' नावाच्या ॲपवर नोंदणी करून दिवस मिळवावा लागत होता. सासऱ्यांच्या मोबाइलवर फक्त फोन येतो, तोही त्यांना हवा असेल तरच. तेव्हा नोंदणी मीच केली होती, सातबारा, आधार, पासबुक यांची फाइल माझ्याच मांडीवर होती, आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये क्विंटल या हिशोबाने छप्पन हजार सातशे सत्तर हा गुणाकारही मी सी. एल.चा अर्ज लिहितानाच करून ठेवला होता. जावई कामाचा आहे हे सासुरवाडीला कळण्याचे प्रसंग फार थोडे येतात. हा त्यातला एक होता.

पंपावर साळ्याने गाडी उभी केली, चाबी काढली आणि म्हणाला, "भाऊजी, दोन हजाराचं टाकून घ्या, मी खर्रा घोटून आणतो."

खर्रा घोटणे हे घाईचे काम नाही. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून पाटीवर घासणाऱ्याला जगातली कोणतीही शक्ती घाई करायला लावू शकत नाही. तेव्हा साळा गेला तो गेलाच. एक पोट्टा नळी घेऊन आला. अठरा-एकोणीस वर्षांचा, नवीन दिसत होता.

"कितीचं, काका?"

"दोन हजाराचं."

"झिरो पाहून घ्या."

झिरो मी डोळ्यांत तेल घालून पाहिला. कोणते तेल, ते पाहिले नाही. मग मोबाइल काढून पिन दाबू लागलो. पिन दाबताना मी कोणाकडेच पाहत नाही, हीही बँकेचीच शिस्त. तेवढ्यात त्या भोंग्याने साऱ्या पंपाला ऐकू जाईल अशा आवाजात दोन हजार रुपये मिळाल्याचे जाहीर केले. पोट्ट्याने कितीचं ते विचारले, मी कितीचं ते सांगितले. कशाचं, हा प्रश्न तिघांनीही एकमेकांवर सोडला होता.

पोट्ट्याचीही बाजू आहे. पूर्वी छोटा हत्ती म्हटला की डिझेलच, विचारायचे काही कारण नव्हते. पुढे तोच हत्ती, त्याच तोंडवळ्याचा, पेट्रोलवरही निघाला. म्हणजे हत्ती काय पितो हे सोंडेवरून ओळखता येण्याचे दिवस गेले. त्यातून पेट्रोलची नळी बारीक असते आणि डिझेलची जाड. डिझेलची नळी पेट्रोलच्या मोटारीत सहसा शिरत नाही, पण पेट्रोलची नळी डिझेलच्या टाकीत अशी जाते की जणू माहेरीच चालली आहे.

साळा आला, गाडी सुरू झाली, आम्ही जिनिंगच्या दिशेने निघालो. कोणतीही पावती हातात आली की ती वाचल्याशिवाय मला राहवत नाही. ही वाचली. त्यात एकोणीस लिटर आणि वर काही ठिपके पेट्रोल होते.

आता तुम्हाला वाटेल, मी ताबडतोब ओरडलो असेन. नाही. मी पावतीची घडी करून खिशात ठेवली. डिफरन्स दिसल्याबरोबर ओरडणारा कारकून कच्चा. आधी पुन्हा एकदा बेरीज करून पाहायची असते. मी पावती पुन्हा उघडली. बेरीज तीच होती. मग वाटले, छपाईची चूक असेल. मग वाटले, असेना का पेट्रोल, ते डिझेलपेक्षा महागच आहे, म्हणजे गाडीच्या पोटात गेले ते बरेच गेले असेल, चिन्नोराच्या जागी बासमती. मग साळ्याकडे पाहिले. तो खुशीत होता. गालात खर्रा होता, कापसाला आज दिवस मिळाला होता, आणि भाऊजींनी दोन हजार आपल्या खिशातून भरले होते. अशा माणसाला काय सांगायचे, कोणत्या शब्दांत सांगायचे, याचा मसुदा मी मनात करत होतो. मसुदा पुरा व्हायला एक किलोमीटर लागला. त्या एका किलोमीटरचा मला अजून राग येतो.

कारण तेवढ्यात नळीत उरलेले जुने डिझेल संपले आणि हत्तीच्या पोटातून टक टक टक असा आवाज येऊ लागला. कोणी आतून दार ठोठावावे तसा. मग पांढरा धूर. मग चढ नसताना चढ लागल्यासारखी गाडी दमली.

"काय झालं बे इले?" साळा म्हणाला.

"बंद कर," मी म्हणालो. "आधी बंद कर. पेट्रोल आहे."

"कुठं पेट्रोल आहे?"

"टाकीत."

चौपदरी रस्त्याच्या कडेला त्याने गाडी थांबवली आणि माझ्याकडे पाहिले. वसुलीसाठी गेल्यावर थकबाकीदार पाहतात त्यापेक्षा ते पाहणे वाईट होते.

मिस्त्री आला तो मोटरसायकलवर, आणि पहिली गोष्ट त्याने अशी केली की जमलेल्या मंडळींपैकी एकाच्या तोंडातली बिडी काढून लांब नेऊन विझवली. "वर कापूस, खाली पेट्रोल, अन् मधात तुमी," तो म्हणाला. तेव्हा कुठे माझ्या पोटात गोळा आला. इंजिन, कर्ज, जामीन हे सारे मी मनात मांडून झालो होतो. सासऱ्यांचा सात क्विंटल कापूस हा पेटणारा माल आहे हे वीस वर्षे कापसावर पीककर्ज वाटणाऱ्या बँकेतल्या माणसाच्या डोक्यात आले नव्हते. टाकी खोलायच्या आधी कापूस हलवायचा, असे ठरले. नशिबाने ओळखीचा एक ट्रॅक्टर रिकामी ट्रॉली घेऊन परतत होता. चारशे रुपये, दोन माणसे, आणि मी फाइलसह.

जिनिंगवर आमचा नंबर गेला नव्हता. ओलावा नऊ टक्के निघाला. आठच्या वर गेला की भाव थोडा कापतात, बाराच्या वर गेला की कापूस परत पाठवतात. आमचा थोडा कापला. एरवी मी त्यावर पाव तास वाद घातला असता. त्या दिवशी सही केली आणि परत रस्त्यावर आलो.

मिस्त्रीने तोवर गाडी ढकलत आपल्या शेडमध्ये नेली होती आणि टाकी एका जुन्या पिंपात रिकामी करत होता. काम करता करता त्याने मला जे समजावले ते मला वाणिज्य शाखेत कोणी शिकवले नव्हते.

"पेट्रोलच्या गाडीत ठिणगी रायते, साहेब. डिझेलच्या गाडीत ठिणगी नाही. ते हवेले असं दाबते, असं दाबते का हवाच तापून जाते, अन् मंग तिच्यात डिझेलचा फवारा मारते. पेट्रोल तिथं वेळेवर पेटत नाही, अन् पेटते तं भलत्या टायमाले पेटते. म्हून टकटक."

"मग आता पेट्रोल काढले की झाले ना?"

"झालं कसं? डिझेल हे तेल आहे, बाप्पा. त्या पंपाच्या आतमंदी वंगण म्हून तेच. पेट्रोल म्हणजे पाणी. तुमी त्याले घासून आंघोळ घातली. हे जुनी गाडी आहे म्हून वाचली. नवीन असती तं त्या पंपाचा चुरा पुढं इंजेक्टरपर्यंत गेला असता, सगळं बदलवा लागलं असतं. पंपावरच समजलं असतं अन् चाबीच लावली नसती, तं निसती टाकी रिकामी करून भागलं असतं. कवा समजलं तुमाले?"

साळा माझ्याकडे पाहत होता. "पावती पाहिल्यावर," मी म्हणालो. हे खरेच होते. पावती किती वेळा पाहिली, ते त्याने विचारले नाही.

बसून बसून मी मोबाइलवर या विषयाचा अभ्यास केला, आणि मला एक दिलासा सापडला. रुडॉल्फ डिझेल नावाच्या ज्या जर्मन साहेबाने हे इंजिन काढले, त्याने १८९३ साली आउग्सबुर्गच्या कारखान्यात पहिल्या चाचणीला त्यात पेट्रोलच घातले होते. ते चांगले पेटेल असा त्याचा समज. ते असे पेटले की दाब मोजायचे यंत्रच फुटले. म्हणजे डिझेलच्या इंजिनात पेट्रोल घालणारा पहिला माणूस खुद्द डिझेल. मी हे साळ्याला मोठ्या उत्साहाने वाचून दाखवले. तो म्हणाला, "त्यायचा जामीनदार कोण होता?"

फिल्टर बदलले, नळ्यांतली हवा काढली, नवे डिझेल घातले. चौथ्या वेळी हत्ती खोकला, पाचव्या वेळी उठला. पिंपात जे पंचवीसेक लिटर जमले होते त्यावर बघ्यांत चर्चा झाली. एकाला ते मोटरसायकलीत हवे होते, एकाला शेतातल्या पंपात. मिस्त्रीने कोणालाच दिले नाही, सुटे भाग धुवायला ठेवून घेतले. माझ्या दोन हजारांचे अवशिष्ट मूल्य ते तेवढेच.

मग आम्ही पंपावर गेलो. म्हणजे साळा गेला, मी त्याच्या मागे. त्याने जो आवाज लावला त्यात पंपाचे मॅनेजर, तो पोट्टा आणि हवा भरायला आलेला एक सायकलवाला सारे एकाच रांगेत उभे राहिले. पोट्टा आठ दिवसांपूर्वी लागला होता, सकाळी कॉलेज, दुपारून पंप. मॅनेजर म्हणाले, "तुमी टेन्शन घेऊ नका, याच्या पगारातून कापतो." पोट्टा काही बोलला नाही. कॅमेरा पाहू, असे साळाच म्हणाला.

कॅमेऱ्यात आवाज नव्हता. पण माझी मान होती. पोट्टा नळी उचलून काहीतरी विचारतो, आणि मी मोबाइलमधून डोके न काढता मान हलवतो. चांगली ठसठशीत. मॅनेजरने ते तीनदा दाखवले. तिसऱ्यांदा तर मला वाटले, मी जरा जास्तच हलवतो आहे.

काउंटरवर बसून मला दोनच महिने झाले होते तेव्हाची गोष्ट आहे. एका गृहस्थाला शंभराच्या दहा नोटांऐवजी पाचशेच्या दहा दिल्या. चार हजारांचा डिफरन्स, म्हणजे तेव्हाचा जवळजवळ अर्धा पगार. तो गृहस्थ सापडला नाही. चार हप्त्यांत भरायचे ठरले. तीन मी भरले. चौथा भरायला गेलो तर तो भरलेला होता, आणि कोणी भरला हे मला हेडकॅशियरांच्या निवृत्तीच्या दिवशी, तेही दुसऱ्याच माणसाकडून कळले.

"लिहा," मी मॅनेजरांना म्हणालो, "ग्राहकाची चूक. मान माझी आहे."

साळा पाहतच राहिला. "भाऊजी, मी इथं तुमच्यासाठी भांडून राह्यलो, अन् तुमी..." पुढे तो जे बोलला ते सासुरवाडीच्या नात्यात लिहिण्यासारखे नाही. मॅनेजरांनी चहा मागवला. पेट्रोल, फिल्टर, मजुरी आणि ट्रॅक्टर धरून तीन हजार पाचशे रुपयांचा चहा मी आयुष्यात प्रथमच प्यालो. साळ्याने घेतला नाही. घरापर्यंत तो बोललाही नाही. हिने दार उघडताच मात्र बोलला, आणि भरपूर बोलला. रात्री सासऱ्यांचा फोन आला. त्यांनी एवढेच विचारले, "कापूस गेला ना?" गेला म्हटल्यावर त्यांनी फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात साळ्याने टाकीवर पेंटरकडून लाल अक्षरांत 'फक्त डिझेल' असे लिहून घेतले, आणि पेंटरचे पैसे माझ्याकडून घेतले. तेव्हापासून आम्ही पुन्हा बोलतो.

तो पोट्टा जानेवारीत आमच्या शाखेत आला होता, पैसे काढायला. स्लिपवर रक्कम अंकी लिहिली होती, अक्षरी लिहिली नव्हती. मी ती परत केली. नियम म्हणजे नियम. त्याने बाजूला जाऊन मुकाट्याने लिहून आणली.

आता मी स्कूटर घेऊन पंपावर गेलो की तो दुसऱ्या कोणाला पुढे येऊ देत नाही. नळी छातीशी धरून उभा राहतो.

"काय टाकू, काका?"

"पेट्रोल."

"कितीचं?"

"तीनशेचं."

"अक्षरी?"

मागे रांग हॉर्न वाजवत असते. मी मोबाइल खिशात ठेवतो, त्याच्या डोळ्यांत पाहतो आणि मोठ्याने म्हणतो, "रुपये तीनशे फक्त."

"झिरो पाहून घ्या," तो म्हणतो.